आधी चूक वाचा, मग आराखडा लिहा

निकालाच्या दिवशी आमच्या हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "एम-थ्री निघाला का?" निघाला असेल तर मेसबाहेर चहा, नसेल तर "रिव्हॅल टाकू" म्हणत जो तो आपापल्या खोलीत. थर्मो राहिला तर माणूस हळहळतो, पण मॅथ्स राहिलं तर नुसती मान हलवतो, जणू ते राहणारच होतं. मी स्वतः एम-टूची केटी दोनदा देऊन या घाटातून वर आलेलो आहे. त्यामुळे गणित शिकवण्यावर लिहायचा तुला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे. जो पडलाय त्यालाच खड्डा नेमका कुठं आहे ते माहीत असतं.

हा लेख मात्र आपल्या केटीबद्दल नाही. तो आपल्या कॉलेजपासून बारा किलोमीटरवर असलेल्या एका जिल्हा परिषद हायस्कूलबद्दल आहे. आमच्या मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुलं बरीच आहेत. ज्याला क्लास, ट्यूशन, इंग्लिश मीडियम परवडत नाही त्याचं पोरगं तिथं असतं. मी पण तसल्याच एका शाळेतून आलोय.

झालं असं, की गेल्या वर्षी एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही त्या गावात रस्ते झाडत होतो. चौथ्या दिवशी मुख्याध्यापक आले. थोडा वेळ आमचं झाडणं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही इंजिनिअरिंगची पोरं. झाडू आमचा शिपाई पण मारतो. आमच्या नववीचं गणित सुधरायचा एक आराखडा करून द्या की."

आराखडा म्हटल्यावर आम्ही खूष! हॉस्टेलवर परत आल्यावर चौघांनी दोन रात्री जागून बावीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन तयार केलं. त्यात प्रोजेक्टर होता, टॅब होते, गणित प्रयोगशाळा होती, रोज एक व्हिडिओ होता आणि शेवटी रंगीत गँट चार्ट. टीईच्या प्रोजेक्टलासुद्धा एवढा चांगला चार्ट आम्ही काढला नव्हता. तो घेऊन शाळेत गेलो. गणिताच्या सरांनी सगळ्या स्लाइड्स शांतपणे पाहिल्या. नंतर म्हणाले, "भारी केलंय पोरांनो. पण हे करायचं कधी, आणि कुणासाठी?" मग कपाट उघडून त्यांनी नववीच्या घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला. "आधी हे वाचा. मार्क बघू नका, चुका बघा."

तो गठ्ठा आम्ही हॉस्टेलवर आणला. आणि खरं सांगतो, एम-टूच्या पुस्तकाने मला जेवढं शिकवलं नाही तेवढं त्या गठ्ठ्याने शिकवलं.

गठ्ठ्यात काय होतं

नववीचा अभ्यासक्रम तसा चांगला आहे. संच, वास्तव संख्या, बहुपदी, दोन चलांतील रेषीय समीकरणे. परंतु पेपरातल्या बहुतेक चुका नववीच्या नव्हत्याच. एका मुलाने समीकरण बरोबर मांडलं होतं, दोन्ही बाजूंना काय करायचं तेही त्याला कळलं होतं, आणि शेवटच्या ओळीत १/२ + १/३ = २/५ लिहून गडी बाद. ही चूक पाचवीची. दुसऱ्याने −५ + ३ = −८ लिहिलं होतं. तिसरीने ६१५ भागिले ३ चं उत्तर २५ काढलं होतं, मधलं शून्य गायब. चौथ्याच्या मते ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे. आणि २क्ष + ३ = ५क्ष हे तर जवळजवळ प्रत्येक पेपरात.

या चुकांमध्ये एक गंमत आहे. त्या वाटेल तशा केलेल्या नाहीत, प्रत्येक चुकीमागे काहीतरी नियम आहे. २/५ लिहिणारा मुलगा वर वरची बेरीज करतो, खाली खालची. त्याच्या दृष्टीने तो अगदी शिस्तीत वागतोय. −८ लिहिणाऱ्याने "चिन्ह मोठ्या संख्येचं" हा अर्धा नियम पाठ केलाय आणि उरलेला अर्धा विसरलाय. पेपर तपासताना आपण लाल पेनाने फुली मारतो आणि पुढे जातो. मुलाला कळतं ते एवढंच, की आपण चुकलो. कुठं चुकलो हे त्याला कुणी सांगत नाही, कारण ते बघायला कुणाला वेळ नसतो.

हे फक्त त्या शाळेचं दुखणं नाही. 'असर'च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी होती. त्यात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ४३.३ टक्के मुलांनाच जमलं. म्हणजे नववी-दहावीच्या वयात निम्म्याहून जास्त मुलं भागाकारापाशी अडलेली, आणि आपण त्यांना बहुपदींचा भागाकार शिकवतोय. पायाच्या विटा निसटलेल्या असताना स्लॅब टाकायचा हा प्रकार आहे. सिव्हिलवाल्यांनी सांगावं, चालतं का ते.

नववीतच का?

हे नववीत उघडं पडतं त्याला कारण आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं. त्यामागचा विचार चांगला होता. मुलाला नापास करून तो शिकत नाही, फक्त शाळा सोडतो, हे खरंच आहे. पण नापास करायचं नाही याचा अर्थ कच्चं राहिलेलं पक्कं करून घ्यायचं असा होता. आपण त्याचा अर्थ पुढे ढकलायचं असा लावला. पुढे २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. पण परीक्षा म्हणजे थर्मामीटर. थर्मामीटर दोनदा लावल्याने ताप उतरत नाही.

नववीत मुलगा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने अडतो. आणि दहावीच्या निकालाची टक्केवारी शाळेच्या फळ्यावर लागणार असते. मग काय होतं ते मी घरात पाहिलंय.

माझा थोरला भाऊ नववीत गणितात राहिला. शाळेचं नाव सांगत नाही, तशा शाळा पुष्कळ आहेत. बाबांना बोलावून सांगण्यात आलं, की दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी देऊ द्या, पोराचं वर्ष वाचेल. बाबांना वाटलं, सर आपल्या भल्याचं सांगतायत. प्रत्यक्षात वाचला तो शाळेचा निकाल. सतरा नंबर फॉर्मची सोय खरं तर शाळा सुटलेल्यांसाठी आहे, शाळेने सोडवलेल्यांसाठी नाही. भाऊ बाहेरून बसला, गणितात राहिला, पुन्हा बसला, पुन्हा राहिला, आणि वाळूजला लेथवर हेल्पर म्हणून लागला.

एसईला असताना वर्कशॉपमध्ये मला टेपर टर्निंगचा जॉब आला. कंपाउंड रेस्ट किती अंशात फिरवायची ते काही केल्या जमेना. भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मोठ्या डायातनं लहान डाया वजा कर, लांबीनं भाग, साडेअठ्ठावीसनं गुण. तेवढे अंश फिरव." जॉब झाला. रात्री बसून मी सूत्र मांडलं. स्पर्शगुणोत्तर बरोबर व्यासांतला फरक भागिले लांबीची दुप्पट. कोन लहान असेल तर स्पर्शगुणोत्तर आणि रेडियनमधला कोन जवळजवळ सारखेच, म्हणून ५७.३ चे निम्मे, २८.६५. त्याचा हिशोब बरोबर होता! मी त्याला मोठ्या फुशारकीने सांगितलं, की हे फक्त छोट्या कोनाला चालतं. तो म्हणाला, "माहितंय रे. मोठ्या टेपरला तक्ता बघावा लागतो."

हा माणूस गणितात दोनदा नापास आहे. मला वाटतं, त्याला नापास करणाऱ्या व्यवस्थेच्या पेपरात कुठंतरी चूक आहे, आणि ती चूकही आपण कधी वाचलेली नाही.

बाजारातलं गणित आणि वहीतलं गणित

भावाची गोष्ट एकट्याची नाही. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाला वजन, भाव, सुटे पैसे असा अवघड हिशोब तोंडी आणि अचूक सांगत होती. तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की अडत होती. उलट नुसतीच शाळेत जाणारी मुलं कागदावरची उदाहरणं सोडवत होती, पण बाजारातल्या हिशोबाला त्यांना ते वापरता येत नव्हतं. म्हणजे दोन्हीकडे गणित आहे, मधला पूल नाही. आणि पूल बांधणं हेच तर शाळेचं काम.

त्या नववीतला एक मुलगा रोज पहाटे डेअरीवर दूध घालून शाळेत येतो. ०.३५ मोठं म्हणणारा तोच. मी त्याला विचारलं, "३.८५ फॅट आणि ३.९ फॅट, भाव कशाला जास्त?" तो माझ्याकडे असा बघायला लागला की हा काय प्रश्न झाला. "तीन नऊलाच की!" मग मी फळ्यावर ०.८५ आणि ०.९ लिहिलं. तो जरा थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, हे फॅटच हाय होय?" त्या दिवसापासून त्याला दशांश अपूर्णांकाची भीती राहिली नाही. हुशारी त्याच्याकडे आधीपासून होती. डेअरीची चिठ्ठी आणि गणिताची वही एकाच दप्तरात असून त्यांची ओळख कुणी करून दिली नव्हती.

आपली मराठी तर या बाबतीत भलतीच श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द ज्या भाषेत रोज तोंडी असतात तिथं अपूर्णांक परका का वाटावा? पाऊण म्हणजे पादोन, एकाला पाव कमी. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. शब्दातच गणित बसलेलं आहे. आमची आजी पावकी, निमकी, दिडकी पाठ म्हणायची, शाळेत फार गेलेली नसताना. सगळं परत पाठ करा असं मी म्हणत नाही. पण ३/४ लिहून त्याला नुसतं "तीन छेद चार" म्हणायचं आणि "पाऊण" हा शब्द उच्चारायचासुद्धा नाही, यात आपण हातातलं अवजार फेकून देतोय.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, की लहान मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची संख्यानामं जड जातात. ते पटो न पटो, पण मुलं नेमकी कुठं अडखळतात याचा विचार करून सुचवलेला तो बदल होता. चर्चा मात्र मुलांच्या अडखळण्यावर फारशी झालीच नाही, विनोदांवर झाली.

मार्क कमी करून काय होणार?

२०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद पुढे आली. दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० मार्क पडले तरी मुलाला पुढे जाता यावं, पण पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही असा शेरा असावा. यावर दोन्ही बाजूंनी भांडणं झाली. माझं मत सांगतो. गणितामुळे कुणाचं आयुष्य दहावीत थांबू नये हे मला शंभर टक्के मान्य आहे, घरात उदाहरण आहे. पण २० की ३५ हा वाद शेवटच्या दिवशीचा आहे. मुलगा पाचवीत अपूर्णांकापाशी थांबला, त्यानंतर पाच वर्षं तो रोज गणिताच्या तासाला बसला, त्या पाच वर्षांचं काय? दाराची उंची कमी केली म्हणून आतल्या खोलीत उजेड पडत नाही. शिवाय शेऱ्याचा दाखला कुणाच्या पोरांच्या हातात जास्त पडणार हे सांगायला ज्योतिषी नको.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या गणितविषयक गटाने आपल्या अडचणींच्या यादीत पहिली अडचण लिहिली होती ती भीती आणि अपयशाची भावना. आज वीस वर्षांनंतर यादी तीच आहे.

उपाय माहीत नाहीत असंही नाही. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'प्रथम'ने 'बालसखी' चालवली. वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी, मागे पडलेली पंधरा-वीस मुलं आणि शाळेच्या वेळातलेच रोजचे दोन तास. इयत्तेचा अभ्यासक्रम बाजूला, मूल जिथं आहे तिथून सुरुवात. त्याचा रीतसर अभ्यास झाला आणि मुलं सुधारल्याचं दिसलं. ती मुलं तिसरी-चौथीची होती, नववी वेगळी, हे मान्य. पण तत्त्व तेच. इयत्ता बघून नाही, मूल बघून शिकवायचं. त्याला ना टॅब लागले, ना प्रयोगशाळा.

मग आराखडा कसा झाला

सरांबरोबर बसून आम्ही बावीस स्लाइड्सचा आराखडा एका पानावर आणला. तो इथं देतो, कारण दुसऱ्या कुणाला उपयोगी पडला तर बरं.

पहिली गोष्ट, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत एक चाचणी. चौथी ते सातवीची वीस उदाहरणं. मार्क द्यायचे नाहीत. कोण कुठल्या उदाहरणापाशी अडला एवढीच नोंद, आणि दोन-तीन उदाहरणं मुलाने तोंडी बोलून दाखवायची. लिहिताना लपलेली चूक बोलताना सापडते.

दुसरी, रोज गणिताच्या तासाची पहिली पंधरा मिनिटं उजळणीची. वर्गाचे तीन गट, इयत्तेप्रमाणे नाही तर अडण्याप्रमाणे. पंधरा मिनिटं गुणिले सहा दिवस गुणिले पंचवीस आठवडे म्हणजे साडेसदतीस तास, पंचेचाळीस मिनिटांचे पन्नास तास झाले. सरांनी लगेच विचारलं, "हे पन्नास तास आणायचे कुठून? पोर्शन कोण संपवणार?" रास्त प्रश्न होता. आम्ही त्यांच्याच वर्गात आठवडाभर मागे बसून बघितलं. तासाचा मोठा भाग फळ्यावरचं उदाहरण वहीत उतरवून घेण्यात जात होता. ते कमी केलं. तरीही एक-दोन प्रकरणं घाईत होणार हे सरांनी मोकळेपणाने मान्य केलं. "ज्याला अपूर्णांक येत नाही त्याला ते प्रकरण सावकाश शिकवून तरी काय उपयोग," हे त्यांचेच शब्द.

तिसरी, क्रम. अपूर्णांक, दशांश आणि ऋण संख्या दिवाळीच्या आत संपवायच्या. हे आमच्या चार्टमध्ये नव्हतं, सरांनी घातलं. कारण दिवाळीनंतर कारखाने पेटले की काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. कुठल्याही आराखड्यात ही तारीख नसते, आणि त्या मुलांसाठी तीच एक तारीख महत्त्वाची असते.

चौथी, चुकांची नोंद. शिक्षकांना पाठाचं टाचण काढावंच लागतं. त्याच टाचणवहीत उजव्या बाजूला "आज कुठली चूक सगळ्यात जास्त झाली" हे एका ओळीत लिहायचं. नाव कुणाचं लिहायचं नाही. वर्षाअखेरीस ती वही पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला द्यायची. बदल्या होतात, सर जातात, वही राहते.

पाचवी गोष्ट मुख्याध्यापकांसाठी. गणिताच्या तासाला सरांना वर्गाबाहेर बोलवायचं नाही. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचे आकडे, वरून आलेला अर्जंट तक्ता, सगळं तासानंतर. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सगळं आपल्या हातात नाही, पण पंचेचाळीस मिनिटं वाचवणं मुख्याध्यापकांच्या हातात होतं आणि त्यांनी ते केलं. माझ्या मते पूर्ण आराखड्यातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी कलम.

सहावी, शनिवार. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर एक तास आपल्या कॉलेजची मुलं जाणार. त्यातली वीस मिनिटं मजेची. पहिल्याच मजेला आम्ही कापरेकरांना बोलावलं! देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी तब्बल बत्तीस वर्षं शिकवणारे द. रा. कापरेकर. कुठलेही चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि तिथून पुढे ६१७४ च येत राहतं. जास्तीत जास्त सात पायऱ्या. "ज्याचं ६१७४ येणार नाही त्याला वडापाव," असं आम्ही जाहीर केलं. वर्गातल्या मुलांनी हातच्याची वजाबाकी त्या एका तासात जेवढी केली तेवढी महिन्यात केली नसती. वडापाव कुणालाच मिळाला नाही. चुकलेल्यांनी आपली चूक आपणच शोधून काढली, कारण उत्तर आधीच माहीत होतं.

शेवटची गोष्ट, मोजमाप. जानेवारीत तीच वीस उदाहरणं परत. दहावीचा निकाल बघायचा नाही, एकेका मुलाची जुनी चूक गेली का ते बघायचं.

काय जमलं, काय नाही

आता प्रामाणिकपणे सांगतो. जानेवारीत २/५ लिहिणारे कमी झाले, दशांशाच्या चुका चांगल्याच कमी झाल्या. ऋण संख्या मात्र अजून बऱ्याच जणांना छळतात आणि २क्ष + ३ = ५क्ष तर चिवट आहे. तिसऱ्या गटातली काही मुलं दिवाळीनंतर दिसलीच नाहीत. एका वर्षात शाळा बदलली वगैरे मी काही म्हणणार नाही. दहा वर्षांत साचलेलं एका वर्षात उपसून होत नाही.

पहिले दोन शनिवार आम्हीच वाया घालवले. आम्ही लेक्चर दिलं. मुलं गप्प बसली. आमच्या लक्षात आलं, की आम्हाला ज्या पद्धतीने शिकवलेलं आवडत नाही, अगदी त्याच पद्धतीने आम्ही शिकवतोय. शिकवण्यापेक्षा विचारणं अवघड आहे. "हे असं का केलंस?" असं न रागावता विचारायला आम्हाला महिना लागला.

आणि एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो. नोव्हेंबरमध्ये आपली सबमिशन्स आली, मग पीएल, मग ओरल्स. सलग तीन शनिवार आमच्यापैकी कुणीच गेलं नाही. फोन करायचंही राहिलं. नंतर सर म्हणाले, "तिन्ही शनिवारी पोरं शाळा सुटल्यावर तासभर बसली होती. मी म्हटलं जा, तर म्हणाली, येतील." सर रागावले असते तर बरं झालं असतं. ज्या मुलांना शाळा, नियम, निकाल अशा सगळ्यांनी कधी ना कधी सोडून दिलंय, त्यांच्या यादीत आम्हीही जाऊन बसलो. आमचा गँट चार्ट रंगीत होता, पण त्यात आमच्याच परीक्षा दाखवायच्या राहिल्या होत्या.

आता आपल्याबद्दल

हॉस्टेलवर हा विषय काढला की दोन उत्तरं मिळतात. एक, "हे मास्तरांचं काम आहे, त्यांना पगार मिळतो." मिळतो. पण चाळीस-पन्नास मुलांचे पन्नास वेगळे खड्डे एकट्या माणसाने भरावेत ही अपेक्षा पगाराच्या बाहेरची आहे. दुसरं उत्तर, "यूट्यूबवर सगळं आहे की." आहे. फक्त यूट्यूब मुलाची वही वाचत नाही. तू २/५ का लिहिलंस, असं ते विचारत नाही.

आणि आपल्याला यातून काही मिळत नाही असं नका समजू. एफईला (अ + ब)² = अ² + ब² लिहिणारे आपल्यात किती आहेत ते एम-वन शिकवणाऱ्या सर-मॅडमना विचारा. ऋण संख्या शिकवताना मला पहिल्यांदा स्वतःला समजावं लागलं, की ऋण गुणिले ऋण धन का होतं. तोपर्यंत मीही ते पाठच केलेलं होतं. एम-थ्री माझा पहिल्या झटक्यात निघाला. कारण हेच असेल असं नाही, पण मला तसं वाटून घ्यायला आवडतं.

तेव्हा मागणं एवढंच आहे. पंचवीस शनिवार, दर शनिवारी चौघे, म्हणजे शंभर फेऱ्या. वीस जण तयार झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून पाच शनिवार. एवढा वेळ आपण मेसच्या रांगेत घालवतो. एकाच वर्षाची मुलं नकोत, एसई-टीई-बीई मिसळून हवीत, म्हणजे सगळ्यांची ओरल्स एका दिवशी येणार नाहीत. लेडीज हॉस्टेलमधून मुली आल्या तर फारच बरं, नववीतल्या मुली आमच्याशी बोलायला लाजतात आणि त्यांच्या चुका वहीतच राहतात. गणित विभागातल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा ती चुकांची वही आमच्याबरोबर बसून वाचावी, ही विनंती. आणि परीक्षेच्या आठवड्यात रेक्टर सरांनी स्वतः एखादा शनिवार घेतला तर तिथली मुलं आणि इथली मुलं, दोघंही लक्षात ठेवतील.

येणाऱ्याने एकच गोष्ट कबूल करून यावं. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करायचा. प्रोजेक्टर नसला तरी चालतो, आपण आलो नाही तर चालत नाही.

भावाला हा लेख फोनवर वाचून दाखवला. सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "त्या दुधवाल्या पोराला आता त्रिकोणमिती शिकवणार का?" म्हटलं, पुढच्या वर्षी, दहावीला. तो म्हणाला, "मग सांग मला. टेपरचा एक जॉब देतो पाठवून, हातात धरून बघू दे त्याला."

शनिवारी सकाळी सव्वादहाची एसटी आहे. नावं एनएसएसच्या ऑफिसात द्यायची.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी